हापशाचा वायसर आणि हायड्रोजनचा घट

यंत्राचे कौतुक करायची वेळ आली की आपण इंजिनाचे करतो, मोटारीचे करतो, फार तर एखाद्या चकचकीत पात्याचे करतो. रबराच्या कड्याचे कौतुक कोणी केल्याचे ऐकिवात नाही. त्याची आठवण होते ती ते बिघडल्यावर. कुकरची शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते, डाळ कच्ची राहते, आणि मग घरात कोणीतरी म्हणते, ‘रिंग बदलायला झाली वाटतं.’ नळ ठिबकू लागला की वायसर आठवतो. विहिरीवरची मोटार पाणी सोडू लागली की फूटव्हॉल्व्हचे रबर आठवते. एरवी हा बिचारा दोन धातूंच्या मधे अंग चोरून पडलेला असतो. त्याचे काम एकच. इकडचे तिकडे जाऊ द्यायचे नाही.

माझा धंदा याच वायसरांचा. शहादा तालुक्यात वाढलो, नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच होते त्या काळात शिकलो, आणि गेली पंचवीसेक वर्षे पुण्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात रबराचे भाग आणि त्यांचे साचे डिझाइन करतो. कारखान्याच्या भाषेत याला गॅस्केट किंवा सील म्हणतात. गावाकडे गेलो की ‘तू नेमकं करतोस काय?’ हा प्रश्न ठरलेला. ‘वायसर बनवतो’ एवढेच उत्तर मी देत आलो, आणि ते खरेही आहे. मात्र अलीकडे ज्या यंत्रासाठी हे वायसर लागू लागले आहेत, ते यंत्र वाचकांना समजावून सांगावे असे आहे. त्याचे नाव इंधन घट, म्हणजेच फ्युएल सेल. हायड्रोजनवर चालणारी बस, पाणबुडी, अंतराळयान यांच्या बातम्या येतात, त्यांच्या पोटात हेच यंत्र असते. आणि हे यंत्र टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी रबराच्या एका बारीक कडेवर ठरते.

आधी इंधन घटाची कल्पना पाहू. शाळेत आपण पाण्यात वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले होते. इंधन घटात याच्या उलट घडते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, पाणी होते आणि वीज मिळते. ज्वाला नाही, धूर नाही, फिरणारे चाकही नाही. मधे एक पातळ पडदा असतो, आपल्या केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याहूनही पातळ. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमची बारीक पूड लावलेली असते. तिच्यावर हायड्रोजन फुटतो. त्यातला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला पडदा वाट देत नाही, म्हणून तो बाहेरच्या तारेने वळसा घालून जातो. तो वळसा म्हणजेच वीज. एक किलो हायड्रोजन वापरला की नऊ किलो पाणी तयार होते.

असा एक घट चालू असताना जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. त्यावर बस कशी चालणार? म्हणून असे शेकडो घट एकावर एक रचतात, भाकऱ्यांची चळत रचावी तसे. टोयोटाच्या ‘मिराई’ या मोटारीच्या पहिल्या आवृत्तीत ३७० घट होते, दुसऱ्या आवृत्तीत ३३०. प्रत्येक दोन घटांमध्ये एक पत्रा, त्यावर कोरलेल्या नाल्या. एका नालीतून हायड्रोजन, दुसरीतून हवा, तिसरीतून यंत्र थंड ठेवणारे पाणी. तिघांनी शेजारी राहायचे, पण एकमेकांच्या घरात जायचे नाही. ही शिस्त राखतो तो गॅस्केट, पत्र्याच्या कडेने फिरणारी, मिलिमीटरभर रुंदीची रबराची कड.

गंमत अशी की आतला दाब काही भयंकर नसतो. हायड्रोजनच्या टाकीत तो ३५० किंवा ७०० बार असतो खरा, पण घटांच्या चळतीपर्यंत येईतो तो साधारण कुकरच्या दाबाच्या आसपास उतरवलेला असतो. मग कुकरची रिंग जमते तर हे का अवघड? कारण कुकरमध्ये वाफ आणि इथे हायड्रोजन. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की जिथे पाणी थांबते, हवा थांबते, तिथून तो निसटतो. फटीतून तर जातोच, पण काही रबरांच्या अंगातूनही झिरपतो. हवेत तो ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेऊ शकतो. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही.

इथे कोणी म्हणेल, स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, तसा यालाही लावा. स्वयंपाकाचा गॅस मुळात बिनवासाचा. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम घालतात. पण इंधन घटातल्या प्लॅटिनमला गंधक म्हणजे विष. वासासाठी गंधक घातले तर घटच निकामी होईल. म्हणजे नाकाचा पहारा इथे नाही. राहिले इलेक्ट्रॉनिक संवेदक आणि राहिले रबर.

गळतीचे प्रकार दोन. बाहेरची गळती धोक्याची, पण ती यंत्राला कळते आणि पुरवठा बंद करता येतो. आतली गळती जास्त कपटी. हायड्रोजन चोरवाटेने हवेच्या बाजूला गेला, तर तो प्लॅटिनमवर थेट ऑक्सिजनला भेटतो. वीज न होता नुसती उष्णता होते, पडदा त्या जागी भाजतो, भोक मोठे होते, गळती आणखी वाढते. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की गाडी पूर्वीसारखी ओढत नाही.

आता रबराकडे येऊ. इतिहासात एक मजेदार योगायोग आहे. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश माणसाने, जो पुढे न्यायाधीश झाला, हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज मिळवण्याचा प्रयोग केला तो १८३९ च्या सुमारास. त्याच १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवले की ते टणक, लवचीक आणि टिकाऊ होते हे उमगले. त्याआधीचे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडकत असे. जगातला सगळा वायसरांचा धंदा त्या गंधकावर उभा आहे. आणि पावणेदोनशे वर्षांनी, ग्रोव्हचा घट आणि गुडइयरचे रबर एकमेकांना चिकटवायची वेळ आली, तेव्हा आडवे आले ते तेच गंधक! रबरातून गंधकाचा अंश सुटला तरी प्लॅटिनम बिघडते. म्हणून इंधन घटासाठीचे रबर गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पकवावे लागते.

रबर कोणते घ्यायचे, हा दुसरा पेच. सिलिकॉन मऊ, साच्यात सहज वाहणारे, उणे ५० अंशांतही लवचीक राहणारे. पण त्यातून वायू झिरपतो, आणि पडद्याजवळच्या आम्लाने ते हळूहळू झिजते. झिजलेला अंश पडद्यात जाऊन बसतो. फ्लोरोरबर आम्लाला दाद देत नाही, उष्णतेलाही नाही. पण ते महाग, आणि थंडीत ताठर होते. ईपीडीएम नावाचे रबर मधल्या वाटेचे. वायू कमी झिरपू देते, आम्ल सोसते, थंडीही सोसते. मात्र त्याला साच्यात बारीक कडेवर नीट बसवणे कसबाचे काम. सर्वगुणसंपन्न स्थळ मिळत नाही हे लग्नाळू घरांना जसे ठाऊक असते, तसे ते आम्हालाही ठाऊक असते. कोणत्या अवगुणाबरोबर संसार करायचा, तेवढे ठरवायचे.

थंडीचा मुद्दा आपल्याला परका वाटेल. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यातच पाहा. मे महिन्यात शहादा-तळोद्याच्या सपाटीवर पारा चाळिशी सहज ओलांडतो. आणि सातपुड्यात डाब, तोरणमाळच्या बाजूला एखाद्या हिवाळ्यात पहाटेचे दव गोठल्याच्या बातम्या येतात. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात. रबराने दोन्ही सोसायचे. थंडीत ताठरलेले रबर काय करू शकते, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर गेले. कारण होते बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग. त्या सकाळच्या कडक थंडीत ती वेळेवर फुलून फट भरू शकली नाही. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला, आणि तो पटकन पूर्ववत होत नाही हे सगळ्यांच्या देखत दाखवले. आमच्या धंद्यात नव्याने आलेल्या मुलांना मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो.

रबराचा खरा गुण म्हणजे परत उसळण्याची ओढ. दाबले जाणे त्या मानाने सोपे. नव्या कापसाची गादी वर्षभर वापरली की बसते, तसे रबरही बसते. सतत दाबाखाली, ऐंशी अंशांच्या उष्णतेत, आम्लाच्या ओलीत वर्षानुवर्षे राहिले की त्याची उसळी मरते. आम्ही त्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतो. मोटारीच्या इंधन घटाने ५,००० तास टिकावे अशी अपेक्षा असते. ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने ते दोन लाख किलोमीटर होतात. मालट्रकसाठी हीच अपेक्षा २५,००० तासांची, म्हणजे अखंड चालला तर जवळजवळ दोन वर्षे दहा महिने. तेवढी वाट पाहून चाचणी करणे कुणाला परवडणार? म्हणून तापमान वाढवून रबर लवकर म्हातारे करतात. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांनी म्हातारपणाचा वेग दुप्पट होतो. ८० अंशांवरचे ५,००० तास म्हणजे १२० अंशांवरचे सव्वातीनशेच्या आत, तेरा दिवस. अर्थात हा आडाखा झाला. भट्टीतले तेरा दिवस आणि रस्त्यावरची दहा वर्षे यांत खड्डे, धूळ आणि चालकाचा स्वभाव एवढा फरक उरतोच.

जाडीचा प्रश्न आणखी नाजूक. पडद्याच्या दोन्ही अंगांना कार्बनचा सच्छिद्र कागद असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. चळत आवळताना तो आणि रबर दोन्ही एकदम दाबले जातात. रबर थोडे जाड झाले तर कागद नीट दाबला जात नाही आणि विजेला अडथळा होतो. थोडे पातळ झाले तर कागद चिरडतो, त्याचे तंतू पडद्यात घुसतात. आणि एकेका कड्याची चूक फक्त एकशतांश मिलिमीटर धरली, तरी सगळ्या चुका एकाच बाजूच्या असल्या तर ३०० घटांच्या चळतीत ती ३ मिलिमीटर होते.

याहून झोप उडवणारा हिशेब वेगळाच आहे. समजा, आम्ही इतके चांगले काम केले की हजारांत फक्त एकच कडे गळते. घरगुती कुकरसाठी हे उत्तम काम म्हणता येईल. पण एका चळतीत अशी ६०० कडी असली, तर त्यातले एकही न गळण्याची शक्यता फक्त ५५ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या चळती गळक्या! लाखात एक गळके, इथपर्यंत मजल मारली तर हजार चळतींत सहाएक गळतात. म्हणून या धंद्यात ‘चालतंय की’ हा शब्दच चालत नाही.

मग गॅस्केटची कड कशी घडवायची? इथे जुने शहाणपण कामाला येते. आतून झाकण बसणारे कुकर आठवा. आतली वाफ झाकणाला वर, कडेकडे ढकलते. जेवढा दाब जास्त, तेवढी रिंग घट्ट. आमच्या तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा इथे बॅरेज आहेत. अशा दरवाज्यांच्या कडेला रबरी पट्टी असते. बाजूने पाहिली तर संगीताच्या नोटेशनमधल्या सुराच्या खुणेसारखी दिसते, म्हणून तिला म्युझिक नोट सील म्हणतात. मागचे पाणीच तिला खाचेवर दाबून धरते. दाब हा शत्रू खरा, पण त्यालाच पहाऱ्यावर बसवायचे. दुसरे शहाणपण म्हणजे बिघाडाची वाट आधीच आखून ठेवणे. बाजारात नकली सेफ्टी व्हॉल्व्ह येऊन कुकर फुटू लागले, तेव्हा ‘प्रेस्टिज’च्या टी. टी. जगन्नाथन यांनी झाकणाच्या कडेला एक खाच ठेवली. दाब वाढला की रिंगच त्या खाचेतून बाहेर येते आणि वाफ सुरक्षित बाजूला निघून जाते. गॅस्केटने कधी हार मानायची, तेही डिझाइन करणाऱ्यानेच ठरवायचे असते.

महाराष्ट्रात हे काम होते आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लावर चालणारा इंधन घट विकसित केला. जमिनीवरच्या नमुन्याची अंतिम चाचणी ८ मार्च २०२१ रोजी झाली. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स हे त्यात भागीदार आहेत. पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर यावे लागू नये, हा हेतू. बंदिस्त पाणबुडीत, पाण्याखाली, तप्त आम्ल आणि हायड्रोजन यांना आवरून धरायचे, म्हणजे तिथल्या सीलची जबाबदारी केवढी! पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये इंधन घटावरची मोटार चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच त्यांची बस लोकांसमोर आली. ‘इस्रो’ने १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात एक छोटा इंधन घट अंतराळात नेऊन १८० वॅट वीज मिळवली. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्याची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची.

हे सगळे वाचून नंदुरबारच्या माणसाच्या मनात एकच प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. याचा आम्हाला काय उपयोग?

त्याचे उत्तर देण्याआधी एका जुन्या यंत्राची गोष्ट सांगायला हवी. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात बोअर घेऊन हातपंप बसवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. घरगुती वापरासाठीचे ओतीव लोखंडाचे पंप गावभराच्या हापसण्याने मोडू लागले. मग आपल्याच मातीत जालना पंप आणि सोलापूर पंप घडले. त्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर, युनिसेफच्या पुढाकाराने आणि रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीच्या साथीने, १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ तयार झाला. आज आपण ज्याला नुसता ‘हापसा’ म्हणतो तो हाच. उत्तम, दणकट यंत्र. त्याचे वर्म एकच होते: खाली पाण्यातल्या सिलिंडरमधला चामड्याचा वाटीसारखा वायसर. तो झिजला की दांडा कितीही हापसा, पाणी वर येत नसे. आणि तो बदलायचा तर जमिनीतले सगळे पाइप एकेक करून वर ओढायचे, त्यासाठी खास हत्यारे आणि फिरते पथक हवे.

आमच्या भागातल्या एका पाड्यावरचा हापसा असाच एका उन्हाळ्यात बंद पडला होता. मी तेव्हा शाळेत होतो. काकांबरोबर त्या बाजूला जाणे होई. पंप नवा कोरा दिसत होता. हिरवा रंगही उडालेला नव्हता. बिघडले होते ते काही रुपयांचे चामडे. पथक येईल, येईल म्हणता दोन महिने गेले. तोवर पाड्यावरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन नाल्यात खणलेल्या झिऱ्यावर जात, वाटीवाटीने पाणी भरत. एक म्हातारी त्या पंपाच्या ओट्यावर बसली होती. तिने काकांना विचारले, ‘दादा, आख्खा पंप नको, तो आतला तुकडाच आणून दे ना. आम्ही बसवू.’ काकांना उत्तर सुचले नाही, कारण तुकडा मिळाला असता तरी तो बसवायची सोय त्या यंत्रात ठेवलेली नव्हती.

पुढे अभियंत्यांनी या दोन्ही दुखण्यांवर इलाज काढला. १९८० च्या दशकात चामड्याच्या जागी नायट्राइल रबराची वाटी आली. ती कितीतरी जास्त टिकते. आणि ‘मार्क ३’ पंपात वरचा पाइप मोठा केला, जेणेकरून सगळे पाइप न उपसता आतला दट्ट्या तेवढा वर काढता यावा. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात बायकांनीच हातपंप दुरुस्तीचे शिक्षण घेतले. म्हातारीचा प्रश्न अवघड नव्हताच. फक्त तो ड्रॉइंग बोर्डावर आधी कोणी मांडला नव्हता.

आता हायड्रोजनच्या उपयोगाचे उत्तर. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या ३३ गावांना सरदार सरोवराच्या पाण्याची झळ बसली. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला. पण वीज धरणात तयार होणे आणि ती डोंगरातल्या पाड्यावर पोहोचणे यांत मोठे अंतर असते. तारा वादळात तुटतात, पावसाळ्यात रस्ते खचतात. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि बाळंतपण वीज येण्याची वाट पाहत नाही. अशा ठिकाणी इंधन घट बसवावा का? माझे प्रामाणिक मत असे की आज नाही. आज तिथे सौर पॅनेल आणि बॅटरी हेच स्वस्त आणि सोपे. डोंगरात हायड्रोजनच्या टाक्या वाहून नेण्यात शहाणपण नाही. हायड्रोजनची खरी जागा अवजड वाहने, मोठे कारखाने, पाणबुडी, अंतराळ. बॅटरीचे ओझे किंवा चार्जिंगचा वेळ जिथे परवडत नाही, तिथे.

तरीही हे तंत्र आपल्यापासून दूर आहे असे समजू नये. आमची तापी प्रकाशा-सारंगखेड्यावरून उकाईला आणि तिथून सुरतेला जाते. त्याच सुरतेजवळ कवास इथे एनटीपीसीने जानेवारी २०२३ पासून आपल्या वसाहतीच्या पाइप गॅसमध्ये हरित हायड्रोजन मिसळायला सुरुवात केली. हायड्रोजन बनवणारे इलेक्ट्रोलायझर हे इंधन घटाचेच उलटे भावंड. तीच चळत, तसेच पडदे, तीच गॅस्केटची काळजी. नंदुरबारहून सुरतेला जाणारी रेल्वे रोज आमची पोरे कामाला घेऊन जाते. ती ऊस तोडायला आणि बांधकामावर जातात तशी उद्या साचे घडवायला, रबर पकवायला, गळती तपासायला का जाऊ नयेत? या कामाला लागतो तो मायक्रोमीटर वाचणारा डोळा, साच्याची कड पारखणारे बोट आणि कंटाळा न करणारे मन. आयटीआयमधली मुले-मुली हे शिकू शकतात. मी शिकवून पाहिले आहे. आणि मिरचीच्या पथारीवर उन्हात बसून हजारो मिरच्यांतून एक डागी मिरची नेमकी वेचून काढणाऱ्या आमच्या बायांचे डोळे गॅस्केटच्या तपासणीला नालायक ठरतील, हे मला कोणी सांगू नये.

मात्र एक गोष्ट डिझाइन करणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ध्यानात ठेवायला हवी. आजच्या इंधन घटात एक कडे गळले तर सगळी चळत उघडावी लागते. ती उघडणारा माणूस पुण्या-मुंबईत मिळेल, तळोद्यात नाही. म्हणजे मार्क २ चीच गोष्ट पुन्हा, फक्त किंमत हजारो पटींनी जास्त. काही ठिकाणी आता पडदा आणि गॅस्केट एकाच तुकड्यात ओतून देतात, म्हणजे जोडणीत चूक व्हायला जागा उरत नाही. चळतीचे लहान लहान गट करून बिघडलेला गट तेवढा बदलता येईल, अशीही रचना करता येते. हे खर्चिक आहे, थोडी जागा जास्त खाते, आणि पहिल्या बैठकीत ‘याची गरज आहे का?’ असे विचारले जाते. अशा वेळी मी पाड्यावरच्या त्या म्हातारीचा प्रश्न माझ्या भाषेत मांडतो: हा भाग बिघडला तर तो कोण बदलेल, कुठे बदलेल, आणि तोवर त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांनी काय करायचे?

बैठकीत दर वेळी हा प्रश्न मान्य होतो असे नाही. पण तो ड्रॉइंगच्या कागदावर लिहिलेला असला की निदान कोणाला तो ऐकलाच नाही असे म्हणता येत नाही. हायड्रोजनचे युग येईल तेव्हा येवो. त्याच्या वायसराचा तुकडा आमच्या भागातल्या एखाद्या दुकानात मिळाला आणि तो बसवणारी पोर तिथेच राहणारी असली, तर ते युग आमच्याकडेही आले असे मी मानीन.